पंचेचाळीस अंशांचे सूत्र

रंगमंचावरची प्रकाशयोजना ही अंगची कला आहे, ती वर्गात बसून शिकता येत नाही, असे नाट्यक्षेत्रात पुष्कळ काळ मानले जाई. जाणत्या माणसाच्या हाताखाली दिवे उचलावेत, तारा जोडाव्यात आणि पाहत पाहत शिकावे, हीच रीत होती. हा समज ज्या थोड्या शिक्षकांनी मोडून काढला, त्यांत स्टॅन्ली मॅककँडलेस यांचे नाव आधी घ्यावे लागते. मूळचे वास्तुविद्येचे विद्यार्थी असलेले मॅककँडलेस १९२५ च्या सुमारास अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या नव्या नाट्यविभागात शिकवू लागले. १९३२ साली त्यांचे ‘अ मेथड ऑफ लायटिंग द स्टेज’ हे लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले. आज जगभरच्या नाट्यशिक्षणात प्रकाशयोजनेचा पहिला धडा कोणत्या ना कोणत्या रूपात या पुस्तकातून आलेला असतो. आपल्याकडील नाट्यशिबिरेही त्याला अपवाद नाहीत.

पुस्तकाच्या नावाचा सरळ अर्थ ‘रंगमंच उजळण्याची एक पद्धत’ असा आहे. त्यातला ‘एक’ हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि शिकवताना नेमका तोच गळून पडला आहे. पद्धतीचे सूत्र झाले आणि सूत्रामागची कारणे मागे राहिली. असे का झाले आणि त्याने काय बिघडते, याचा विचार आम्ही येथे प्रकाशविज्ञानाच्या बाजूने करणार आहोत. विज्ञान शिकवणाऱ्यांना हा प्रश्न परका वाटू नये. ओहमचा नियम पाठ असूनही घरातला फ्यूज का उडाला हे सांगता न येणारा विद्यार्थी आपण सर्वांनी पाहिलेला आहे.

पद्धत काय सांगते?

मॅककँडलेस यांनी प्रथम प्रकाशाचे चार गुणधर्म वेगळे केले : तीव्रता, रंग, वितरण आणि गती. नाटकात प्रकाशाने करायची कामेही त्यांनी चारच सांगितली. पात्रे दिसली पाहिजेत, स्थळकाळाचा आभास झाला पाहिजे, दृश्याची रचना उठून दिसली पाहिजे आणि प्रसंगाचा भाव पोचला पाहिजे. विद्यार्थ्याच्या हाती निरीक्षणाची अशी चौकट देणे ही मोठी गोष्ट होती. ‘प्रकाश छान होता’ एवढेच म्हणणारा माणूस आता ‘तीव्रता पुरेशी होती पण वितरण चुकले’ असे म्हणू लागला.

त्यानंतर प्रत्यक्ष कृती येते. अभिनयाच्या जागेचे, एकमेकांवर थोडे चढतील असे, पुढे तीन व मागे तीन असे भाग पाडावेत. प्रत्येक भागावर समोरून दोन प्रकाशझोत टाकावेत, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. दोन्ही झोत वरून ४५ अंशांनी आणि बाजूने ४५ अंशांनी यावेत. एका दिव्याला उष्ण छटेचा (फिकट पिवळसर किंवा गुलाबी) आणि दुसऱ्याला शीत छटेचा (फिकट निळा) जिलेटिन कागद लावावा. मग सगळे भाग एकत्र मिसळणारा सौम्य प्रकाश, मागच्या पडद्याचा प्रकाश आणि खास जागांसाठी वेगळे दिवे यांची भर घालावी.

या कृतीचे मोल कळण्यासाठी तिच्या आधी काय होते ते आठवावे लागेल. रंगमंचाच्या कडेला ओळीने मांडलेले फूटलाइट आणि वर टांगलेल्या दिव्यांच्या पट्ट्या यांनी सगळीकडे सारखा उजेड पडे. सारख्या उजेडात चेहरा सपाट दिसतो. नाकाचा उंचवटा किंवा गालाचा खळगा आपल्याला कळतो तो छायेमुळे. स्विस नाट्यविचारक अडोल्फ आपिया (१८६२–१९२८) यांनी नुसता पसरलेला प्रकाश आणि आकार घडवणारा प्रकाश असा भेद मॅककँडलेस यांच्या कितीतरी आधी केला होता. पण आपियांचा विचार कवीचा होता. त्याचे रूपांतर दुसऱ्या दिवशी दिवे टांगायला उपयोगी पडेल अशा कृतीत मॅककँडलेस यांनी केले.

दोन छटांची कल्पनाही निरीक्षणातून आलेली आहे. दुपारी अंगणात उभ्या असलेल्या माणसाच्या एका गालावर सूर्याचा पिवळसर प्रकाश असतो, तर दुसऱ्या गालावर निळ्या आकाशाचा. दोन्ही बाजू पुरेशा उजळ असूनही चेहऱ्याचा आकार हरवत नाही, कारण जेथे उजेडाचा फरक कमी पडतो तेथे रंगाचा फरक मदतीला येतो. छटा परस्परपूरक निवडल्या तर दोन्ही प्रकाश मिसळतात तेथे जवळजवळ पांढरा प्रकाश मिळतो. दहावीच्या प्रकाशाच्या धड्याचा याहून सुंदर उपयोग आम्हाला तरी ठाऊक नाही.

पद्धत चांगली आहे याबद्दल आमचा वाद नाही. आमची तक्रार तिच्या शिकवण्याबद्दल आहे. त्यासाठी तिची तीन गृहीतके तपासू.

४५ की ३५?

झोतांची दिशा समजावताना एक उपमा हमखास दिली जाते. नट एका घनाच्या मध्यभागी उभा आहे आणि दिवे त्या घनाच्या वरच्या कोपऱ्यांत आहेत, म्हणजे प्रकाश घनाच्या कर्णावरून येतो. त्याच वाक्यात ‘अर्थात ४५ अंशांतून’ असेही सांगितले जाते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला हे पडताळायला सांगावे. घनाची बाजू १ धरली तर तळाच्या चौरसाचा कर्ण √२ म्हणजे १.४१ येतो आणि उंची १ असते. घनाचा कर्ण जमिनीशी जो कोन करतो त्याचे टॅन्जंट गुणोत्तर १ भागिले १.४१ इतके आहे. हा कोन ३५ अंश १६ मिनिटे भरतो, ४५ अंश नव्हे. सूत्र आणि त्याची उपमा एकमेकांशी जुळत नाहीत.

दहा अंशांनी काय बिघडणार, असे कोणी म्हणेल. १.७ मीटर उंचीचा नट मागच्या पडद्यापासून १.५ मीटर पुढे उभा आहे असे समजा. दिवा पुरेसा दूर आहे असेही धरू. प्रकाश ४५ अंशांनी उतरत असेल तर सावलीची लांबी नटाच्या उंचीइतकी, १.७ मीटर असेल. ती तिरपी पडत असल्याने पडद्याच्या दिशेने फक्त १.२ मीटर जाईल आणि जमिनीवरच संपेल. प्रकाश घनाच्या कर्णावरून येत असेल तर सावली २.४ मीटर लांब होईल आणि पडद्याच्या दिशेने १.७ मीटर जाईल. म्हणजे डोक्याची सावली पडद्यावर चढेल. राजवाड्याच्या चित्रावर राजाचे काळे डोके उमटलेले आपण कितीतरी स्नेहसंमेलनांत पाहिलेले असते.

मुळात ४५ हा आकडा पवित्र नाही. दिवा खाली आणला तर चेहरा सपाट होतो आणि सावल्या मागे धावतात. दिवा वर नेला तर भुवयांच्या छायेत डोळे बुडतात आणि डोळे दिसले नाहीत तर नट बोलतो आहे की नाही अशी शंका प्रेक्षकाला येऊ लागते. या दोन अडचणींमधली ती तडजोड आहे. ज्याला तडजोड समजली आहे तो बुटक्या छताच्या सभागृहात पडदा मागे सरकवील किंवा नटाला दोन पावले पुढे आणील. ज्याला फक्त आकडा ठाऊक आहे तो ‘येथे प्रकाशयोजना शक्य नाही’ म्हणून हात टेकील.

चेहरा कोणाचा?

दुसरे गृहीतक अधिक गंभीर आहे आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. उष्ण आणि शीत छटांच्या जोडीत दोन्ही दिवे तोलास तोल धरले जातात. हा तोल ज्या चेहऱ्यांवर ठरवला गेला ते बहुतांशी गोरे होते. आपल्या रंगमंचावर गव्हाळ, सावळे आणि काळे चेहरे असतात. तेथे हाच तोल टिकतो का?

त्वचेवरून प्रकाश दोन प्रकारे परत येतो. थोडासा प्रकाश, समोरून पडल्यास सुमारे ३ ते ५ टक्के, अगदी पृष्ठभागावरूनच परावर्तित होतो. ही त्वचेची झळाळी. तिचा रंग दिव्याचाच रंग असतो, त्वचेचा वर्ण तीत बदल करीत नाही. बाकीचा प्रकाश त्वचेत शिरतो, विखुरतो आणि त्यातला काही बाहेर येतो. या वाटेवर मेलॅनिन हे रंगद्रव्य त्याला शोषून घेते, आणि ते तांबड्यापेक्षा निळा प्रकाश अधिक शोषते. म्हणून सावळ्या चेहऱ्यावर निळ्या छटेचा झोत उष्ण झोताच्या मानाने फिका पडतो. सूत्राप्रमाणे तोललेल्या जोडीत चेहऱ्याची शीत बाजू निर्जीव, राखाडी दिसू लागते.

हे वर्गात पाहता येते. दोन सारख्या विजेऱ्या घ्या. एकीवर पिवळसर आणि दुसरीवर निळसर जिलेटिन लावा. अंधार करून दोन्हींचे प्रकाश एका पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी पाडा आणि विजेऱ्या पुढेमागे करून दोन्ही डाग सारखे उजळ दिसतील असे करा. आता कागदाच्या जागी हाताची पालथी बाजू धरा, नंतर तळवा धरा. तळव्यात मेलॅनिन कमी असते. एकाच माणसाच्या एकाच हातावर निळ्या झोताचे वागणे कसे बदलते ते मुलांना दिसेल. तळव्याची तुलना स्वतःच्याच पालथ्या हाताशी करावयाची असल्याने कोणाच्या वर्णाची कोणाशी तुलना करण्याचा प्रसंगही येत नाही.

कारण कळले की उपायही सुचतात. शीत दिवा अधिक तेज ठेवता येईल किंवा त्याची छटा फिकी करता येईल. त्याहून चांगला उपाय झळाळीचा आहे. गोऱ्या त्वचेतून आतला प्रकाश इतका परत येतो की झळाळी त्यात बुडून जाते. काळ्या त्वचेवर मात्र आकार सांगण्याचे मोठे काम झळाळीच करते. पृष्ठभागावरून होणारे हे परावर्तन प्रकाश तिरपा पडला की वाढते. म्हणून बाजूने आणि मागून येणारा झोत सावळ्या चेहऱ्याची हनुवटी, गालाचे हाड आणि कपाळ अशा काही रेखीवपणे उभे करतो की समोरच्या चार दिव्यांनी ते साधत नाही.

मागचा पडदाही महत्त्वाचा आहे. समजा चेहऱ्यावरून २० टक्के प्रकाश परत येतो आणि पांढऱ्या पडद्यावरून ८० टक्के. दोहोंवर सारखा प्रकाश पडला तर पडदा चेहऱ्याच्या चौपट उजळ असेल आणि चेहरा त्यापुढे काळोखी आकृती होऊन राहील. अशा वेळी चेहऱ्यावर प्रकाश वाढवण्याऐवजी पडद्यावरचा कमी करावा. डोळा निव्वळ प्रकाश मोजत नाही, शेजारच्या गोष्टींशी तुलना करतो.

आता आपल्याकडे काय होते ते पाहा. नाटकाच्या आधी रंगभूषेच्या खोलीत सावळ्या मुलांच्या चेहऱ्यावर पांढरट पावडरीचे थर चढवले जातात. ‘लाइटमध्ये चेहरा दिसत नाही’ हे त्याचे कारण सांगितले जाते. पावडर झळाळी मारते, म्हणजे ज्याच्या आधारे तो चेहरा उत्तम दिसला असता तेच नाहीसे करते. दोष दिव्याच्या जागेचा असतो आणि शिक्षा चेहऱ्याला होते. आपला चेहरा प्रकाशात दाखवण्याजोगा नाही, असे दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या मनात एकदा बसले की ते सहजी जात नाही. एका भौतिक गृहीतकाची तपासणी न करण्याची ही किंमत आहे, आणि आम्हाला ती फार मोठी वाटते.

अर्धा प्रकाश म्हणजे किती?

तिसरे गृहीतक दिव्याचे. मॅककँडलेस यांच्या काळी दिवा म्हणजे तापलेली टंगस्टनची तार. पुढे आलेला हॅलोजन दिवाही त्याच कुळातला. अशा दिव्याचा विद्युतदाब निम्मा केला तर प्रकाश निम्मा होत नाही, जेमतेम दहावा हिस्सा उरतो. शिवाय तारेचे तापमान सुमारे ३२०० केल्विनवरून २४०० केल्विनच्या आसपास येते आणि प्रकाश तांबूस होतो. निळे जिलेटिन स्वतः निळा प्रकाश निर्माण करीत नाही, दिव्यात असलेल्या प्रकाशातला निळा तेवढा पुढे सोडते. दिव्यातच निळा उरला नाही तर ते सोडणार काय? त्यामुळे प्रसंग मंद करताच उष्ण-शीत जोडीचा तोल आपोआप ढळतो. जुने प्रकाशयोजनाकार हे अनुभवाने जाणत आणि मंद प्रसंगासाठी वेगळी छटा निवडत.

एलईडी दिवा असा तांबूस होत नाही. तो मंद होतो, पण त्याचा रंग जवळजवळ तोच राहतो. हॅलोजनवर शिकलेल्या माणसाला एलईडीवरचा सूर्यास्त कोरडा वाटतो तो याच कारणाने. एलईडीचा पांढरा प्रकाश सूर्यप्रकाशासारखा अखंड नसतो, त्याच्या वर्णपटात उंचवटे आणि खळगे असतात. दोन दिवे पांढऱ्या कागदावर सारखे दिसले तरी त्वचेवर किंवा पैठणीवर वेगळे दिसू शकतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये दिव्यांच्या कार्यक्षमतेचे नवे नियम प्रस्तावित केले तेव्हा तेथील नाट्यव्यावसायिकांनी मोठा विरोध केला आणि रंगमंचाच्या दिव्यांना काही सवलती मिळवल्या. तो विरोध केवळ खर्चापोटी नव्हता. वीज वाचलीच पाहिजे, पण दिवा बदलला की प्रकाशाची भाषाही बदलते, हे त्यांना म्हणायचे होते. आपल्या विद्यार्थ्याला मात्र १९३२ च्या दिव्यासाठी सांगितलेल्या छटा आजच्या दिव्यासाठी पाठ करायला लावल्या जातात.

आता संगणकावर आभासी रंगमंच उजळून पाहण्याच्या प्रणालीही शिकवल्या जातात. दिवे कोठे टांगावेत, किती लागतील, सावली कोठे पडेल याचा आराखडा करायला त्या उत्तम आहेत. पण अंधाऱ्या सभागृहात बसलेल्या प्रेक्षकाचा डोळा हळूहळू अंधाराला सरावतो आणि पूर्ण सरावायला त्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. संगणकाच्या पडद्यावर हा डोळा नसतो. उजेडातून काळोखात गेलेल्या प्रसंगात पहिली काही सेकंदे प्रेक्षक अक्षरशः आंधळा असतो. हे सभागृहात बसून अनुभवल्याशिवाय कळत नाही.

मग शिकवावे कसे?

मॅककँडलेस यांच्या शिकवण्याची खरी परीक्षा त्यांच्या विद्यार्थ्यांत पाहावी. जीन रोझेन्थाल (१९१२–१९६९) येलमध्ये त्यांच्याकडे शिकल्या आणि पुढे अमेरिकेच्या अग्रगण्य प्रकाशयोजनाकार झाल्या. मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यासाठी काम करताना त्यांनी समोरच्या जोडीवर भिस्त ठेवली नाही. नृत्यात चेहऱ्याइतकेच सगळे शरीर बोलते, म्हणून त्यांनी बाजूच्या आणि तिरप्या झोतांना महत्त्व दिले. नियम का आहे हे कळलेल्या माणसाने तो कोठे सोडावा याचे हे उदाहरण आहे.

आपल्याकडचे उदाहरण तापस सेन (१९२४–२००६) यांचे. कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये १९५९ साली उत्पल दत्त यांचे ‘अंगार’ हे नाटक झाले. कोळशाच्या खाणीत पाणी चढत जाते आणि खाणकामगार बुडतात, हा शेवटचा प्रसंग सेन यांनी प्रकाशाच्या साहाय्याने उभा केला. चढणारे पाणी डोळ्याला कशावरून ओळखू येते, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला असला पाहिजे. त्याचे उत्तर कोणत्याही सूत्रात नाही.

आमची सूचना अशी की क्रम उलटा करावा. पहिल्या दिवशी एकच दिवा आणि एक चेहरा घ्यावा. दिवा समोरून, बाजूने, वरून, खालून, मागून फिरवावा आणि प्रत्येक वेळी काय दिसले ते मुलांनी चित्र काढून किंवा शब्दांत लिहावे. कोणती जागा कशासाठी चांगली यावर वाद होऊ द्यावा. मग दुसरा दिवा आणावा. मग रंग. नट दिव्यापासून दूर गेला की प्रकाश किती घटतो हे व्यस्त वर्गाच्या नियमाने आधी काढावे आणि मग डोळ्यांना ते किती जाणवते ते पाहावे. दिवा चेहऱ्याहून ३ मीटर उंच आणि ३ मीटर पुढे असेल, तर नट १ मीटर मागे सरकताच प्रकाश पूर्वीच्या ७२ टक्के होतो. हिशेबात हा फरक मोठा आहे, पण डोळा तो सहसा पकडत नाही. असे का, हाही प्रश्न मुलांपुढे ठेवावा. मॅककँडलेस यांचे सूत्र या सर्वांच्या शेवटी, इतक्या प्रश्नांना एका अनुभवी शिक्षकाने दिलेले एक उत्तर म्हणून सांगावे. तोपर्यंत त्यातले निम्मे मुलांनी स्वतःच शोधलेले असेल.

यासाठी नाट्यशाळा लागत नाही. दोन विजेऱ्या, जिलेटिनचे तुकडे आणि काळोख करता येईल अशी खोली पुरते. हॅलोजन दिवे फार तापतात, ते मुलांच्या हाती देऊ नयेत. येत्या स्नेहसंमेलनाच्या तालमीत एक संध्याकाळ यासाठी काढावी, आणि पावडरीचा डबा उघडण्यापूर्वी दिवा जागचा हलवून पाहावा.